मावशीचे झोपलेले दहा धागे

अबोली_ठाणे | मंगळ, ११/०३/२०२५ - २१:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. विषय घरगुती आहे, म्हणून आधीच सांगते: खेचायची असेल तर माझी खेचा, मावशीची नको.

मावशी ६८ वर्षांची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आयुष्यभर गणित शिकवलं. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. मध्यंतरी मैत्रिणीच्या आग्रहावरून लोणावळ्याला दोन दिवसांचं 'डीएनए जागृती शिबिर' करून आली. फी अकरा हजार, राहणं-जेवण धरून. तिने तिथे वही भरून टिपणं काढलीत, वर्गात काढायची तशीच, समास सोडून. काल मला वाचून दाखवली.

थोडक्यात असं: माणसाचा डीएनए मुळात बारा धाग्यांचा होता. आज दोनच धागे चालू आहेत, दहा झोपलेत. शास्त्रज्ञ ज्या ९८ टक्के भागाला 'कचरा' म्हणतात, तिथेच ती शक्ती दडलेली आहे. ५२८ हर्ट्झचा ध्वनी रोज ऐकला की ते धागे एकेक करून उठतात आणि डीएनएची डागडुजीही होते. आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं, कुंडलिनी म्हणजे तेच. पुढच्या पायरीत पूर्वजांकडून आलेली दुःखं डीएनएतून धुऊन काढतात. तिची फी पस्तीस हजार.

मावशी आता रोज पहाटे हेडफोन लावून पंचेचाळीस मिनिटं बसते. आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा तिला सलग झोप लागतेय, हेही मी डोळ्यांनी बघतेय. त्यामुळे मी गप्प होते. पण काल वही मिटताना तिने विचारलं, "मग आता बीपीची गोळी हळूहळू बंद करता येईल ना गं?" तेव्हा पोटात गोळा आला.

यातलं खरं किती, आणि तिला कसं सांगू? हसण्यावारी नेलेलं तिला चालत नाही.

---

तिरकस_तात्या | मंगळ, ११/०३/२०२५ - २२:०५

आमचे दोनच धागे आहेत आणि त्यातला एक मंडळी सकाळी उठवतात तेव्हाच उठतो.

(मावशींना नाही हो, स्वतःलाच हसतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.)

---

रेणूची_आई | मंगळ, ११/०३/२०२५ - २३:३०

पेशाने रेणवीय जीवशास्त्रातली, मुक्काम हैदराबाद. लेक झोपलीय तोवर लिहून घेते.

आधी बारा धाग्यांचं बघू. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी दोन धाग्यांचा पीळ मांडला, त्यामागे रोझलिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतली क्ष-किरण चित्रं होती. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी लिनस पॉलिंगसारख्या दिग्गजाने तीन धाग्यांची रचना छापली होती आणि तो सपशेल आपटला. त्याने फॉस्फेटचा कणा आत ठेवला होता. पेशीत फॉस्फेटवर ऋण भार असतो, म्हणजे ते एकमेकांना ढकलणार. तिसरा धागा बसवताना पॉलिंगची ही गत झाली, बाराची तुम्हीच कल्पना करा. प्रामाणिकपणे हेही सांगते की चार पदरी गाठी आपल्या पेशींत खरंच असतात. केंब्रिजमध्ये शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाने २०१३ मध्ये त्या दाखवल्या. पण तो दुसरा कुठला दडलेला धागा नसतो. आहे त्याच धाग्याने स्वतःवर घेतलेली घडी असते.

आता 'कचरा'. हा शब्द १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांच्या लेखाने रूढ झाला, आणि माझ्या मते जीवशास्त्राने स्वतःच्या पायावर मारून घेतलेला हा सगळ्यात मोठा धोंडा. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार. ती व्यापतात दीड-दोन टक्के. उरलेल्या ९८ टक्क्यांत काय आहे, हे गुपित नाही. २००३ मध्ये जनुकसंच वाचून झाला, राहिलेल्या फटीही २०२२ मध्ये भरल्या. कुणीही संगणकावर उघडून बघू शकतं. त्यात जनुकं कधी, कुठे, किती चालवायची ते ठरवणारे खटके आहेत. गुणसूत्रांचे सांधे आणि टोकं आहेत. आणि जवळजवळ निम्मा भाग म्हणजे जागा बदलणारे, स्वतःच्या प्रती काढत सुटलेले तुकडे. यांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत बघत लावला आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

त्याहून गमतीचा भाग असा की आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या विषाणूंचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना लागण झाली आणि ते पाहुणे घरातच राहिले. बहुतेक मोडून पडलेत, पण एकाचं आवरणाचं प्रथिन आज गर्भाची वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळायला कामी येतं. सिन्सिटिन म्हणतात त्याला. म्हणजे मावशी, तुम्ही, मी, सगळे आईच्या पोटात नांदलो त्यात एका प्राचीन रोगजंतूचा वाटा आहे. मला हे कुठल्याही बारा धाग्यांपेक्षा जास्त अद्भुत वाटतं. असो, लेक उठली.

---

दासानुदास | बुध, १२/०३/२०२५ - ०६:१५

रेणूताईंचा प्रतिसाद माहितीपूर्ण. पण एक नम्र शंका. कालपर्यंत तुम्हीच कचरा म्हणत होतात, आज तुम्हीच खटके सापडले म्हणता. २०१२ मध्ये तर ८० टक्के डीएनए कार्यरत असल्याचं जाहीर झालं होतं. उद्या आणखी काही सापडेल. मग जे अजून सापडलं नाही ते नाहीच, असं आज कसं म्हणायचं?

मी गेली तीस वर्षं साधना करतो. शिबिरवाल्यांचा समर्थक नाही. पण मनाचा परिणाम जनुकांवर होतो हे आता तुमचंच शास्त्र सांगतं. आणि पिंपळाच्या पारावरची नागशिळा कधी बघितलीत का? एकमेकांत गुंफलेले दोन नाग. इडा-पिंगळेचं चित्रही तसंच. डीएनएचा पीळ त्याच्याशेजारी ठेवून बघा.

---

रेणूची_आई | बुध, १२/०३/२०२५ - १०:५०

दासानुदासजी, शंका रास्त आहे.

ते ८० टक्के एनकोड प्रकल्पाचे, म्हणजे डीएनएतल्या कार्यरत भागांची यादी करणाऱ्या प्रकल्पाचे. त्यांनी 'कार्य' शब्दाची व्याख्याच अशी सैल धरली की पेशीतल्या कुठल्याही रसायनाने जिथे हात लावला तो भाग कार्यरत. २०१३ मध्ये डॅन ग्राउर आणि सहकाऱ्यांनी त्यावर जे झोडपलंय ते वाचताना आजही हसू येतं. उत्क्रांतीने जो भाग जपून ठेवलाय तेवढाच मोजला तर ऑक्सफर्डच्या २०१४ च्या अभ्यासात सुमारे ८ टक्के निघाला.

आणि मला आवडणारी कसोटी कांद्याची. कांद्याचा जनुकसंच सुमारे १६०० कोटी अक्षरांचा, आपल्या पाचपट. न्यू कॅलेडोनियात एक वीतभर नेचं आहे, त्याचा १६ हजार कोटींचा, २०२४ मध्ये मोजला. न वापरलेल्या डीएनएत सुप्त शक्ती असेल तर लासलगावच्या बाजार समितीत रोज किती सिद्धपुरुष ट्रकने उतरतात याचा हिशेब करा.

खरोखर झोपलेली जनुकंही आहेत हं आपल्यात. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक बकरीत चालू आहे, आपल्यात आणि माकडांत मोडून पडलंय. जागं झालंच तर काय होईल? आवळा खायची गरज उरणार नाही. वास ओळखणारी जनुकं सुमारे ४०० चालू, त्याहून जास्त बंद. ती सगळी उठली तर लोकलमध्ये संध्याकाळी सातला तुम्हीच म्हणाल, झोपू द्या त्यांना.

मनाचा जनुकांवर परिणाम, होय. पण डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, कुठलं जनुक किती चालतंय ते बदलतं. विस्कॉन्सिनमध्ये अनुभवी साधकांनी दिवसभर ध्यान केल्यावर दाहाशी निगडित काही जनुकांचं काम मंदावलेलं आढळलं. अभ्यास छोटा पण खरा. मात्र जेवल्यावर, पळाल्यावर, रात्रपाळी केल्यावरही शेकडो जनुकांचं काम वरखाली होतं. त्याला जागृती म्हणायचं तर मिसळ खाल्ल्यावरही जागृती होते.

'पूर्वजांची दुःखं धुणं' याच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे, म्हणून तिची अशी विक्री झालेली बघून त्रास होतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीने हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या महिन्यांत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. २००८ चा अभ्यास. आईची उपासमार पोटातल्या बाळावर खूण ठेवते, एवढं त्यातून कळतं. ती खूण लोणावळ्याला पुसता येते हे कुठेच कळत नाही.

नागांबद्दल एक किस्सा. भारतात गुन्हे तपासासाठी डीएनए ठसे सुरू झाले ते इथे हैदराबादला, सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत, डॉ. लालजी सिंग यांच्यामुळे. त्यांनी वापरलेला शोधक तुकडा मूळचा पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतला. आणि तोही पुन्हा पुन्हा येणाऱ्या, 'कचरा' म्हणून हिणवलेल्या भागातला. म्हणजे नाग आणि डीएनए यांचं नातं आहेच, फक्त ते पितृत्वाच्या खटल्यांत उपयोगी पडलं.

---

तिरकस_तात्या | बुध, १२/०३/२०२५ - ११:०२

लासलगावला दंडवत. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

पेटीवाला | बुध, १२/०३/२०२५ - १३:२०

५२८ बद्दल मी बोलतो. पस्तीस वर्षं हार्मोनियम वाजवतोय आणि दुरुस्तही करतोय.

हा आकडा कुठल्या प्राचीन ग्रंथातला नाही. जोसेफ पुलिओ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने बायबलमधल्या 'गणना' पुस्तकाच्या सातव्या अध्यायातल्या वचनांच्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करून सहा आकडे काढले. ३९६, ४१७, ५२८ वगैरे. १९९९ मध्ये लेनर्ड होरोविट्झबरोबर ते पुस्तकात छापले. डीएनए डागडुजीचं लेबल तेव्हापासून.

आता साधा विचार करा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद कोणी ठरवला? माणसाने. आपण घटका-पळंच वापरत राहिलो असतो तर? पळ म्हणजे २४ सेकंद. मग हाच सूर पळाला १२,६७२ झाला असता. पेशीला कसं कळणार आपण घड्याळ कुठलं वापरतो?

दुसरं, आपल्या संगीतात सा खुंटीला बांधलेला नाही. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये. एकट्या सुराला काही अर्थ नाही, अर्थ आहे तो त्याच्या सा-शी असलेल्या नात्याला. आणि गंमत बघा. पांढरी सहामध्ये गाणाऱ्या बाईचा तार षड्ज येतो ४४० वर. त्याच्या सहा-पंचमांश पट केली की कोमल गंधार. ४४० ला पाचाने भागा, सहाने गुणा. ५२८! म्हणजे पांढरी सहामध्ये भीमपलास आळवणारी कुठलीही बाई तार सप्तकात गेली की त्या सुराच्या अंगणात असते. डीएनए दुरुस्त होत असता तर जुन्या गायिका अजून हयात असत्या, आणि मला त्याचा फार आनंद झाला असता.

तिसरं, या सुराची हवेतली लहर साधारण ६५ सेंटीमीटर लांब. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर. म्हणजे लहर त्याच्या बत्तीस लाख पट मोठी. त्या धाग्याला ती सूर म्हणून जाणवायचीच नाही.

तरी मावशींना झोप लागते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पहाटे पाऊण तास स्थिर सूर ऐकत बसलं तर कुणालाही शांत वाटेल. फुकटात हवं असेल तर तानपुरा लावा.

---

घाटावरचा_बोका | बुध, १२/०३/२०२५ - १५:४५

विषय निघालाच आहे तर, गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र, असा सविस्तर फॉरवर्ड आलाय. ऋषींचं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे शुद्ध राहावं म्हणून सगोत्र विवाह निषिद्ध. विज्ञानाने मान्य केलंय म्हणे. यावर जाणकारांचं मत?

---

रेणूची_आई | बुध, १२/०३/२०२५ - १६:३०

बोकोबा, थोडक्यात. वाय बापाकडून मुलाकडे जातं, बरोबर. मुलीकडे ते नसतंच. मग सगोत्र मुलगी केली काय आणि परगोत्र केली काय, वायला कशाचा पत्ता लागणार? उलट आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी चालते. गोत्र वेगळं म्हणून शास्त्रसंमत, पण सख्खी मामेबहीण-आतेभाऊ यांच्यात सरासरी आठवा हिस्सा डीएनए सामाईक असतो. दहा पिढ्यांपलीकडच्या सगोत्र मुलीशी जवळजवळ काहीच नसतो. कायद्यानेही सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ मध्येच काढून टाकली.

---

घाटावरचा_बोका | बुध, १२/०३/२०२५ - १६:४१

सौ. मामाचीच मुलगी आहे. फॉरवर्ड डिलीट केला.

---

मुगभाटकर | बुध, १२/०३/२०२५ - २२:१५

मला यातला डीएनए कळत नाही, पण 'माणसातल्या सुप्त शक्ती' हा वाक्प्रचार ओळखीचा आहे, कारण तो आमच्या गिरगावातून गेलाय.

थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येची संस्था १८७५ मध्ये न्यूयॉर्कला निघाली. फेब्रुवारी १८७९ मध्ये तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केलं. त्यांचं मासिकही त्याच वर्षी ऑक्टोबरात इथूनच सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस ते मद्रासजवळ अड्यारला गेले. सोसायटीच्या तीन उद्दिष्टांपैकी तिसरं आजही तेच आहे: निसर्गाचे अज्ञात नियम आणि माणसातल्या सुप्त शक्ती यांचा शोध. ब्लाव्हाट्स्कीबाईंची मांडणी अशी की मानवजात सात मूळवंशांतून वर चढत जाते, आपण पाचव्यात आहोत, सहावा यायचाय.

त्यानंतर हा सगळा माल अमेरिकेत गेला, तिथे त्यात परग्रहवासी मिसळले. १९९२ मध्ये बार्बरा मार्सिनियाक यांनी कृत्तिका नक्षत्रातले जीव माझ्या तोंडून बोलतात असं सांगत पुस्तक काढलं. बारा धाग्यांची गोष्ट आज ज्या रूपात फिरते, तिला पाय फुटले ते मुख्यतः तिथून. कुणीतरी परक्यांनी आपले दहा धागे सोडवून टाकले आणि आपल्याला गुलाम केलं, अशी ती कथा. मावशींच्या वहीत परग्रहवासी आहेत का, बघा. नसतील तर आयोजकांनी मराठी माणसाला झेपेल एवढंच वाढलंय.

मला नेहमी वाटतं, शक्ती तीच राहते आणि तिचा पत्ता मात्र काळाप्रमाणे बदलतो. अठराव्या शतकात मेस्मर नावाच्या वैद्याच्या वेळी ती चुंबकात होती, मग ईथरमध्ये गेली, १९५३ नंतर डीएनएत राहायला आली. हल्ली क्वांटममध्ये जागा बघतेय असं ऐकतो.

---

ओवीवेडा | गुरु, १३/०३/२०२५ - ०७:४०

मुगभाटकर, शेवटच्या परिच्छेदाला +१.

मला खटकतंय ते वेगळंच. शिबिरवाले 'कुंडलिनी म्हणजेच डीएनए' म्हणतात तेव्हा आपण म्हणतो, विज्ञानाचा अपमान झाला. माझ्या मते कुंडलिनीचा जास्त झाला.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी नाहीच. ज्ञानदेवांनी ती आणली, आणि हा नाथांच्या संकेतातला विषय आहे हे तेच सांगतात. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय, ते जागं होतं, भुकेलेलं असतं, देहातलं सगळं खात सुटतं. मग कात टाकावी तशी जुनी त्वचा जाते, नवे दात येतात. साधकाला समुद्रापलीकडचं दिसतं, मुंगीच्या मनातलं कळतं. आता हे वाचून कुणी म्हणेल, बघा, पेशींचं पुनरुज्जीवन! पण ज्ञानदेव तिथे थांबत नाहीत. सिद्धींचं वर्णन दोन-चार ओव्यांत उरकून ते पुढे जातात, जिथे देहच उरत नाही. पंचमहाभूतं एकमेकांत विरतात. जिथे देह विरायचाय, तिथे देहातल्या एका रेणूला धाग्यांचे पदर वाढवून काय करायचं?

सिद्धींचं आपल्याकडे काय झालं ते चांगदेवाला विचारा. चौदाशे वर्षं जगला, वाघावर बसून आला, आणि मुक्ताईपुढे कोरा ठरला.

शरीर आणि अध्यात्म जोडायचे प्रामाणिक प्रयत्न विसाव्या शतकात झालेत, ते मी वेगळे मानतो. काश्मीर संस्थानात कारकुनी करणारे गोपी कृष्ण, १९३७ मध्ये जम्मूत ध्यानाला बसले असताना त्यांना कुंडलिनीचा अनुभव आला. त्यानंतरची कित्येक वर्षं त्यांची इतकी वाईट गेली की वेड लागतंय की काय असं त्यांना वाटे. कुंडलिनी ही उत्क्रांतीची जैविक यंत्रणा आहे असं त्यांचं मत होतं, पण ते म्हणत की शास्त्रज्ञांनी हे तपासावं. पुद्दुचेरीच्या श्रीमाताजी साठच्या दशकात पेशींच्या मनाबद्दल बोलत, स्वतःच्या म्हाताऱ्या, दुखणाऱ्या शरीरावर प्रयोग केल्यासारखं. पटो न पटो, त्यांनी किंमत स्वतः मोजली. दोन दिवसांत अकरा हजारांत उठणारी नागीण मला तरी माहीत नाही.

---

दासानुदास | गुरु, १३/०३/२०२५ - ०८:२५

ओवीवेडा, नमस्कार स्वीकारा. माझा नागशिळेचा मुद्दा मी मागे घेतो. आमचे गुरुजीही म्हणत, अनुभवाला पुरावा शोधायला बाजारात जाऊ नये, बाजारात फक्त भाव कळतो. मोह होतो मात्र. मुलगा अमेरिकेत जैवतंत्रज्ञानात आहे, त्याच्या भाषेत त्याला काहीतरी सांगता यावं असं वाटतं.

---

खडूफळा | गुरु, १३/०३/२०२५ - ०९:१०

६४ कोडॉन = ६४ कला = ६४ योगिनी, हे राहिलंच की! चिनी लोकांच्या ६४ आकृत्याही त्यातच जोडतात.

(डीएनएची अक्षरं चार, कोडॉन म्हणजे त्यांचे तीन अक्षरी शब्द, म्हणून ४ × ४ × ४ = ६४. त्यातले ६१ मिळून जेमतेम वीस अमिनो आम्लं सांगतात, उरलेले तीन पूर्णविराम. म्हणजे बऱ्याच कला एकाच गोष्टीच्या पुनरावृत्ती. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं.)

---

वैनगंगा | गुरु, १३/०३/२०२५ - २३:५०

मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो. गडचिरोली जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. आज ड्यूटीवरून आल्यावर हा धागा वाचला आणि राहवलं नाही.

आमच्याकडं सिकलसेल आहे. ३०० कोटी अक्षरांपैकी एक अक्षर बदललेलं. हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकात ए च्या जागी टी. एवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि पोरगं रात्रभर हाडं दुखतात म्हणून कण्हत राहतं. आईबाप दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक असले तर प्रत्येक बाळ एसएस, म्हणजे आजारी निघायची शक्यता चारात एक. आशाताई घरोघरी जाऊन तपासणीला आणतात. २०२३ पासून केंद्राची मोहीमही आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक 'ऊर्जा उपचार' करणारा फिरत आला होता. आनुवंशिक आजार डीएनएतून उपटतो म्हणायचा. एका घरानं त्याच्या सांगण्यावरून पोरीची हायड्रॉक्सीयुरिया, सिकलसेलवरची गोळी, बंद केली. तीन महिन्यांत दोनदा भरती करावी लागली, रक्त चढवावं लागलं. पोरगी वाचली, आता नियमित गोळी घेते. तो माणूस पुढच्या तालुक्यात गेला.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. झोपलेलं जनुक जागं करून माणूस बरा होतो, ही गोष्ट खरीच आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, गर्भातलं. त्यात हा बिघाड नसतो. जन्मानंतर सहाएक महिन्यांत ते बनायचं जवळपास बंद होतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. म्हणून एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं, आईला वाटतं तपासणी चुकली. ते जनुक मेलेलं नसतं, गप्प बसवलेलं असतं. हायड्रॉक्सीयुरियानं ते थोडं बोलू लागतं. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं, डिसेंबरमध्ये अमेरिकेनं एक उपचार मंजूर केला, कॅसजेव्ही. रुग्णाच्या मज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढतात, क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्राच्या कात्रीनं बीसीएल११ए नावाच्या जनुकातला एक खटका कापतात, पेशी परत घालतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागतं. रेणूताई सांगतील, तो खटका प्रथिनं न बनवणाऱ्या भागातलाच आहे. शास्त्रज्ञ ज्याला कचरा म्हणतात असं शिबिरवाले सांगतात, त्याच ९८ टक्क्यांतला.

अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी केमोथेरपीनं जुनी मज्जा रिकामी करावी लागते, ते वेगळं.

आमच्या ओपीडीत बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला मी हे सांगितलं तर तो विचारतो, "साहेब, आपल्याकडं कधी येईल?" मी गोळ्यांची पट्टी देतो आणि पुढची तारीख लिहितो.

मावशींची बीपीची गोळी बंद होऊ देऊ नका.

---

रेणूची_आई | शुक्र, १४/०३/२०२५ - ००:२०

होय, त्याच भागातला. खटका लाल पेशी बनताना वापरला जाणारा आहे, म्हणून तो कापला तरी शरीरात इतरत्र ते जनुक चालू राहतं. अनेक वर्षं हे वर्गात शिकवतेय, पण बाकावरच्या माणसाचा प्रश्न माझ्या स्लाइडवर कधी नव्हता. लिहीत जा हो तुम्ही.

---

अबोली_ठाणे | रवि, २३/०३/२०२५ - १८:३०

उशीर झाला, माफी. अख्खा धागा छापून मावशीकडे घेऊन गेले. सांगत बसण्यापेक्षा वाचायला दिला. तिने लाल पेन घेऊन वाचला.

कांद्यापाशी खूप हसली. ओवीवेडा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि कपाटातून काकांची ज्ञानेश्वरी काढली. सहाव्या अध्यायात काकांच्या अक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या बघत बराच वेळ बसली. मी चहा करायला उठून गेले.

वैनगंगा, तुमच्या प्रतिसादावर काही बोलली नाही. जेवण झाल्यावर गोळी घेतली, माझ्यासमोर, मला दाखवून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून आली.

पस्तीस हजारांचं म्हणाली, "बारा धागे मोजले कोणी आणि कशाने, एवढं त्यांना फोन करून विचारलं. ती मुलगी म्हणाली, मॅडम, ते पुढच्या पायरीत सांगतात." म्हणजे ते बारगळलं. पण पहाटेचा पाऊण तास मोडणार नाही, असंही बजावलंय मला. हेडफोनवर आता तानपुरा असतो. मधेच ५२८ पण लावते, मी काही बोलत नाही.

आणि पेटीवाला यांच्यासाठी निरोप. ६५ सेंटीमीटर भागिले दोन नॅनोमीटर, याचं उत्तर बत्तीस लाख येत नाही. "बत्तीस कोटी पन्नास लाख येतं. दोन शून्यं खाल्लीत. पायऱ्या दाखवून पुन्हा सोडवा."

---

पेटीवाला | रवि, २३/०३/२०२५ - १९:०५

मावशींना साष्टांग दंडवत. ०.६५ भागिले ०.०००००००००२... थांबा, पुन्हा मोजतो.

---

पेटीवाला | रवि, २३/०३/२०२५ - १९:१२

०.६५ भागिले ०.००००००००२ = ३२,५०,००,०००. बरोबर आहे त्यांचं. आमची पेटी साडेतीन सप्तकांची, शून्यं मोजायची सवय नाही. मावशी पांढरी कितीमध्ये गातात ते विचारून ठेवा.